थंड इंजिनला तीन नंबर सिलिंडर मिसिंग: डायरेक्ट इंजेक्टर घरी काढावेत का?

घाटवळण

नमस्कार मंडळी. गाडी २०१२ ची, इंजिन १.८ टीएसआय (टर्बो, डायरेक्ट इंजेक्शन; ईए८८८, दुसरी पिढी), मॅन्युअल गिअर, १ लाख १८ हजार किमी झालेत.

सकाळी पहिल्यांदा चालू केली की ४०-५० सेकंद इंजिन थरथरतं आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. मग आपोआप सुरळीत. दुसरं म्हणजे, गरम इंजिन पंधरा-वीस मिनिटं बंद ठेवून परत चालू करताना सेल्फ चार-पाच सेकंद मारावा लागतो आणि सायलेन्सरला कच्च्या पेट्रोलचा वास येतो. हायवेला पिकअप पूर्ण, आचके नाहीत. कोड पी०३०३ (तीन नंबर सिलिंडर मिसिंग, म्हणजे त्यात पेट्रोल नीट पेटत नाही), कधीकधी सोबत पी०३०० (मिसिंग, पण सिलिंडर नक्की नाही). प्लग ९ हजार किमीपूर्वी बदललेत, कॉइल कंपनीच्या जुन्याच.

गॅरेजवाल्याने नुसता कोड वाचून चारही इंजेक्टर बदला म्हटलं. हत्यारं बऱ्यापैकी आहेत: टॉर्क रेंच, गोटी सेट, मल्टिमीटर, ओबीडी डोंगल (गाडीचे कोड वाचायला), मोबाईलला जोडायचा बोरस्कोप (बारीक कॅमेरा). जुन्या एमपीएफआय (पेट्रोल सिलिंडरच्या बाहेर, इनटेक पोर्टमध्ये फवारणाऱ्या) गाडीचे इंजेक्टर काढून साफ करण्याची सवय आहे. इथेही तेच जमेल का? की आधी आणखी काही तपासू?

टॉर्करेंच

जमेल, पण शेवटी. एमपीएफआयमध्ये इंजेक्टर काढणं अर्ध्या तासाचं काम आणि ओ-रिंग धड असेल तर तीच परत चालते. इथे इंजेक्टर थेट सिलिंडरमध्ये फवारतो; तो काढायला इनटेक मॅनिफोल्ड (हवा आत नेणारा नळ्यांचा भाग) उतरवावा लागतो आणि इंजेक्टर एकदा हेडमधून बाहेर आला की त्याची टेफ्लॉन रिंग बाद. म्हणून "काढून बघू" हा प्रकार डायरेक्ट इंजेक्शनमध्ये करायचा नाही.

आधी दिव्याबद्दल. नुसता पेटलेला दिवा म्हणजे कधीतरी बघा. लुकलुकणारा दिवा म्हणजे न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतंय. त्या पाऊण मिनिटात रेस देऊ नका, गाडी हलवू नका. आणि जुन्या पद्धतीने चालू इंजिनवर एकेक कॉइल उपसून "कुठलं सिलिंडर मेलंय" ते बघू नका. तेही सगळं कच्चं पेट्रोल कन्व्हर्टरमध्येच जातं.

मिसिंग कधी होतं हे कोडपेक्षा जास्त बोलकं असतं. चौथ्या-पाचव्या गिअरला कमी आरपीएमवर दाबल्यावर आचके आले की आधी कॉइल आणि प्लग बघायचे, कारण टर्बोचा दाब चढला की ठिणगीला फट ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं आणि कच्ची कॉइल तिथेच दगा देते. तुमचं उलट आहे: लोडवर गाडी ठीक, थंड आयडलवर (रेस न देता उभी असताना) बेजार. याला नेहमीची दोन कारणं. एक, इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर साचलेला कार्बन. दुसरं, बंद इंजिनमध्ये ठिबकणारा इंजेक्टर. कार्बनने सकाळी थरथर होते, पण गरम असताना सेल्फ लांबत नाही. तुमचा लांबतोय आणि वासही येतोय, म्हणून माझा कौल ठिबकण्याकडे. पण कौलावर मॅनिफोल्ड उतरवत नाहीत. खालच्या चाचण्या याच क्रमाने करा.

अदलाबदल. तीन नंबरची कॉइल एकला लावा आणि तीनचा प्लग चारला लावा. दोन्ही एकाच सिलिंडरला नेऊ नका, नाहीतर दोषी कोण ते कळणार नाही. कोड पुसा, रात्रभर गाडी उभी ठेवा, सकाळी चालू करा. पी०३०१ आला तर कॉइल, पी०३०४ आला तर प्लग, पी०३०३ च राहिला तर दोघंही निर्दोष. प्लगला १६ ची गोटी, इंजिन थंड, ३० न्यूटन-मीटर, चुड्यांना ग्रीस नको. फट ०.७ ते ०.८ मिमी. कॉइलच्या कपलरचं प्लास्टिक इतक्या वर्षांत बिस्किटासारखं झालेलं असतं: आधी कपलर आत दाबा, मग लॉक दाबून धरा, मग बाहेर ओढा. लॉक आधी उचकटलं की तुटलंच.

प्लग काढले की चारही ओळीने मांडून फोटो काढा. तीन तपकिरी आणि एकच काजळीने काळा मिट्ट किंवा ओला, तर त्या एकाच सिलिंडरला पेट्रोल जास्त मिळतंय. काळ्यावर तेलकट चकाकी असेल तर गोष्ट रिंगची किंवा व्हॉल्व्ह सीलची.

फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू (इंजिनचा संगणक) पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा. पूर्ण गरम इंजिनवर आयडलला आणि २५०० आरपीएमवर लाँग टर्म ट्रिम लिहून घ्या. आयडलला मायनस आणि वर गेल्यावर जवळपास शून्य, म्हणजे कुठून तरी आगंतुक पेट्रोल येतंय. आयडलला कमी हवा असते, म्हणून थोडंसं ठिबकणंही तिथे मोठं दिसतं. याच्या उलट, आयडलला प्लस आणि वर शून्य म्हणजे हवा चोरली जातेय. लोडवर प्लस म्हणजे पेट्रोल कमी पडतंय: हाय प्रेशर पंप, फिल्टर, नाहीतर चोंदलेले इंजेक्टर.

रेल प्रेशर, म्हणजे चारही इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला दाब. गरम आयडलला या इंजिनात साधारण ४० ते ५० बार दिसतात, पूर्ण लोडवर १५० पर्यंत. इंजिन बंद करून चावी लगेच ऑन करा आणि आकडा बघत राहा. धड सिस्टिममध्ये बंद केल्यावर दाब टिकतो, उलट इंजिनच्या उष्णतेने थोडा चढतोही. झरझर उतरला तर गळती आहे.

उतरला तर शेवटची चाचणी: गरम इंजिन बंद करून वीस मिनिटं थांबा, प्लग काढा, बोरस्कोप आत सोडा. पिस्टनचा माथा कोरडा आणि मातकट दिसला पाहिजे. एकच माथा ओला चकचकीत दिसला, की चोर सापडला.

मिस्त्रीकट्टा

वरच्यात दोन गोष्टींची भर.

इंजेक्टरला हात लावायच्या आधी पीसीव्ही (इंजिनातली तेलाची वाफ परत इनटेकमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह) बघा, पाच मिनिटांचं काम. आयडलला इंजिन ऑइलचं झाकण उघडा. इंजिन किंचित अडखळलं तर बरोबर. झाकण आतून कुणी ओढून धरल्यासारखं घट्ट बसलं असेल, किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर पीसीव्हीचा पडदा फाटलाय. तोही आयडलला मिसिंग देतो, फक्त ट्रिम प्लसमध्ये जातो.

दुसरं, वायरिंग. गाडी पार्किंगमध्ये दोन-चार दिवस उभी राहत असेल तर उंदीर. मॅनिफोल्डखालचा इंजेक्टर हार्नेस ही त्यांची लाडकी जागा, गरम आणि अंधारी. अर्धवट कुरतडलेली वायर थंडीत संपर्क सोडते आणि इंजिन तापलं की धरते, लक्षण हुबेहूब तुमच्यासारखं. पण तेव्हा बहुतेक वेळा पी०२०३ सारखा सर्किटचा कोडही येतो. पावसाळ्यात बॉनेट उघडं ठेवून पाणी मारून घेतलं असेल तर प्लगच्या विहिरीत पाणी आहे का तेही बघा.

पी००१६ (क्रँक आणि कॅमचा मेळ चुकल्याचा कोड) आहे का? असेल तर सगळं थांबवून आधी टायमिंग चेन बघायची. या पिढीत जुना टेन्शनर असेल तर तो विषय आधीचा.

शेवटचा_थांबा

ई२० चा काही संबंध असेल का? सगळीकडे तेच ऐकतोय.

टॉर्करेंच

एका सिलिंडरच्या मिसिंगशी थेट नाही. पेट्रोल चौघांना एकाच रेलमधून जातं. शुद्ध पेट्रोलला हवा १४.७ पट लागते, १० टक्के इथेनॉलला साधारण १४.१ आणि २० टक्क्यांना साधारण १३.५. म्हणजे ई१० वरून ई२० वर ईसीयूला चारेक टक्के पेट्रोल जास्त सोडावं लागतं. ट्रिम तेवढा प्लसकडे सरकतो, आणि तेवढं सांभाळणं ईसीयूला सहज जमतं. यांची लक्षणं मायनसकडची आहेत.

हां, २०१२ च्या गाडीचे रबरी होज आणि सील ई२० साठी बनवलेले नाहीत, त्यामुळे ते वर्षातून एकदा हाताने चाचपून बघा. पाणी मुरलेलं पेट्रोल भरलं गेलं तर मिसिंग चारही सिलिंडरला येईल. संशय असेल तर काचेच्या बाटलीत नमुना काढून तासभर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला की टाकी रिकामी करायची.

घाटवळण

सगळ्या चाचण्या केल्या. आकडे:

कॉइल आणि प्लग हलवूनही पी०३०३ च. तीनचा प्लग काळा, बाकी तीन तपकिरी. लाँग टर्म ट्रिम आयडलला उणे ९, २५०० ला उणे २. रेल प्रेशर बंद करताना ४८ बार, दहा मिनिटांत ११. बोरस्कोपमध्ये १, २, ४ कोरडे, ३ चा माथा ओला आणि कडेला डबकं. कॉम्प्रेशन १२.१, ११.८, ११.५, १२.० बार. झाकणाची चाचणी ठीक. पी००१६ नाही. डिपस्टिकला मात्र पेट्रोलचा वास आहे आणि तेल कमाल खुणेच्या वर आलंय.

टॉर्करेंच

मग संशय राहिला नाही: तीनच्या इंजेक्टरमधली, पेट्रोल अडवणारी सुई बंद होऊन बसत नाहीये. कॉम्प्रेशन चांगलं आहे. चौघांत तीन बारच्या वर फरक असता तर मी इंजेक्टर सोडून हेडकडे गेलो असतो.

एक सावधगिरी. तेलात पेट्रोल मिसळलं की त्याची वाफ पीसीव्हीतून परत इनटेकमध्ये जाते आणि तीही ट्रिम मायनसमध्ये ओढते. हाय प्रेशर पंपाचं सील गेलं तरी पेट्रोल कॅमशाफ्टवरून तेलात उतरतं. तुमच्याकडे पिस्टन ओला दिसलाय म्हणून पंप आरोपी नाही, पण मॅनिफोल्ड उतरलेलाच असेल तेव्हा पंपही काढून त्याच्या पायाशी पेट्रोलचा ओलावा आहे का बघा. आणि आत्तापासून ही गाडी चालवू नका. पातळ तेलावर टर्बोचं बेअरिंग आणि चेन दोन्ही घासतात.

कार्बक्लीन

माझ्या मते बदलायची घाई नको. इंजेक्टर काढा, बॅटरीच्या १२ व्होल्टने उघडा आणि मागून कार्ब क्लीनर मारा. पोर्ट इंजेक्टरला हे पन्नास वेळा केलेलं असतं सगळ्यांनी. सुईवरचा कचरा निघून जातो.

टॉर्करेंच

पोर्टला चालतं, कारण त्याची कॉइल १२ ते १६ ओहमची असते. १२ व्होल्ट लावले तर जेमतेम एक अँपिअर. या सोलेनॉइड इंजेक्टरची कॉइल दीड-दोन ओहमची. सरळ बॅटरी लावली की सहा ते आठ अँपिअर सतत, म्हणजे बोटाएवढ्या कॉइलमध्ये ७० ते १०० वॉट. ईसीयू तसं करत नाही: तो साधारण ६५ व्होल्टचा झटका मिलिसेकंदाच्या अंशभर देतो, सुई उचलली की करंट कमी करून धरून ठेवतो आणि आयडलला सगळा खेळ एखाद्या मिलिसेकंदात संपवतो. बॅटरी दोन-तीन सेकंद धरलीत की आतलं इन्सुलेशन गेलं. तसा इंजेक्टर मग ईसीयूचा ड्रायव्हरही सोबत घेऊन जातो.

आणि कॅनचा दाब जेमतेम पाच-सात बार. तेवढ्यात फवारा सुंदर दिसला म्हणून ५० बारला सुई बसते की नाही ते कळत नाही. यांचा दोष नेमका तोच आहे.

मल्टिमीटर मात्र वापरा: चारही इंजेक्टरचा रेझिस्टन्स मोजा, आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून प्रोबचा स्वतःचा आकडा वजा करा. चौघांत दोन-तीन दशांश ओहमपेक्षा जास्त फरक नको.

कार्बक्लीन

६५ व्होल्टचं माहीत नव्हतं. मागे घेतो. टाकीत टाकायचं क्लीनर तरी चालेल ना?

टॉर्करेंच

पॉलिइथरअमाइन असलेलं असेल तर इंजेक्टरच्या टोकावरचा कार्बन खरंच सोडवतं. बाटलीवरचं प्रमाण पाळायचं, टाकी भरायच्या आधी ओतायचं, आणि ऑइल बदलायच्या तोंडावर वापरायचं, कारण त्यातलं थोडं तेलात उतरतं. फवारा बिघडलेला असेल तर दोन टाक्यांत फरक दिसतो. बसत नसलेल्या सुईला फारसा फरक पडत नाही, आणि व्हॉल्व्हच्या पाठीवरच्या कार्बनला तर शून्य, कारण डायरेक्ट इंजेक्शनमध्ये तिथे पेट्रोल पोचतच नाही. पोर्ट इंजिनात इंजेक्टर व्हॉल्व्हवर फवारतो आणि तो धुतला जातो. इथे पीसीव्हीतून आलेली तेलाची वाफ गरम व्हॉल्व्हवर भाजत राहते, धुवायला कुणी नाही.

रेलप्रेशर

काढायच्या पद्धतीबद्दल लिहितो, कारण घरी काम करताना नुकसान याच टप्प्यावर होतं.

पहिलं, दाब. इंजिन आयडलला ठेवून टाकीतल्या पंपाचा फ्यूज काढा, इंजिन आपोआप बंद पडेल. दोनदा सेल्फ मारा. स्कॅनरवर रेलचा आकडा खाली आला का बघा. मग रात्रभर गाडी थंड होऊ द्या, सकाळी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. गरम इंजिनवर बंद रेलमध्ये दाब परत चढतो, म्हणून "फ्यूज काढला की झालं" नाही. डोळ्याला चष्मा, जोडाभोवती फडकं, आणि नट पाव आटा सैल करून थांबायचं. या दाबाची पिचकारी कातडीतून आत घुसते. सुईच्या टोकाएवढी जखम दिसली तरी तडक हॉस्पिटल. दारं उघडी, अग्निशामक हाताशी, लोंबता पिवळा बल्ब बंद. एलईडी टॉर्च वापरा.

या पिढीत रेल मॅनिफोल्डला बसवलेली आहे, त्यामुळे मॅनिफोल्ड ओढताना काही इंजेक्टर हेडमध्ये राहतात आणि काही रेलसोबत बाहेर येतात. दोन्ही चालतं. ओढताना सरळ ओढा, वाकडं करून उचकटू नका. प्रत्येक इंजेक्टरला मास्किंग टेपवर नंबर लिहून चिकटवा, नाहीतर बेंचवरून परत आल्यावर तीन कोण आणि चार कोण हे देवालाच माहीत. मॅनिफोल्ड हातात आहे तोवर आतल्या फ्लॅप हलवून बघा. लिंक ढिली झाली की पी२०१५ येतो, आणि तेव्हा हेच सगळं परत उतरवावं लागेल.

हेडमध्ये अडकलेला इंजेक्टर कपलरच्या प्लास्टिकला धरून पिरगाळू नका. कार्बनने चिकटलेला असतो. बुडाशी क्लीनर सोडून तासभर थांबा, मग इंजेक्टरच्या लोखंडी अंगाला पकडणारा पुलर आणि सरकता हातोडा. टी१०१३३ या नंबरचा संच याच कामाचा आहे, आणि त्याच मापाचे इतरांचे स्वस्त संचही मिळतात. पुलर एखाद्या ओळखीच्या गॅरेजमधून मागून आणता येईल. पण त्यातले कोन (रिंग चढवायची निमुळती टोपी) आणि साइझिंग स्लीव्ह (रिंग दाबून मापात आणणारी नळी) मात्र स्वतःचे घ्याच, कारण काम तिथे बिघडतं.

आता टेफ्लॉन रिंग. इंजेक्टरच्या टोकाजवळ खाचेत बसलेली पांढरट रिंग हीच ज्वलनाचा दाब अडवते. जुनी रिंग ब्लेडने तिरकी चीर देऊन काढायची, ब्लेड खाचेच्या धातूला लागता कामा नये. एक ओरखडा पडला तर नव्या रिंगखालून गरम वायू वाट काढतो आणि काही महिन्यांत इंजेक्टरचं टोक भाजतं. खाच नायलॉन ब्रशने साफ करा. टोकावरच्या छिद्रांना तारेचा ब्रश नाही, सुई नाही, काही नाही. क्लीनरमध्ये भिजवलेलं सुती कापड फक्त.

नवी रिंग कोरडी चढवायची. तेल नाही, ग्रीस नाही, थुंकी तर नाहीच. कोन इंजेक्टरच्या टोकावर ठेवून रिंग बोटाने खाचेत सरकवायची. ती ताणून थोडी मोठी झालेली असते. तशीच हेडमध्ये ढकलली तर कडेने सोलून निघते. म्हणून आधी मोठा साइझिंग स्लीव्ह फिरवत चढवायचा, मिनिटभर ठेवायचा, मग लहान. स्लीव्ह काढल्यावर रिंग खाचेशी सपाट झालेली नखाला कळते. त्यानंतर चहाला जायचं नाही, कारण टेफ्लॉन हळूहळू परत फुगतं. लगेच बसवा. रेलच्या बाजूच्या ओ-रिंगला मात्र स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट फिरवायचं. लोकांची गल्लत इथेच होते आणि तेल दोन्हीकडे लागतं. आधार रिंग आणि क्लिपही नव्याच टाका.

हेडमधलं भोक साफ करताना नायलॉन ब्रशला थोडं ग्रीस लावा म्हणजे कार्बन त्याला चिकटून बाहेर येतो. ते भोक थेट सिलिंडरमध्ये उघडतं हे विसरू नका.

मिस्त्रीकट्टा

मॅनिफोल्ड उतरलाच आहे तर व्हॉल्व्ह आत्ताच साफ करा, ती मजुरी दुसऱ्यांदा कोण करणार.

पद्धत: फायरिंग ऑर्डर १-३-४-२. एक नंबर कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर) आणला की १ आणि २ या दोघांचे इनटेक व्हॉल्व्ह बंद असतात. तिथून क्रँक पूर्ण एक फेरी फिरवली की ४ आणि ३ चे. म्हणजे दोनच मुक्कामांत चारही होतात. क्रँक फक्त घड्याळाच्या दिशेने, पुलीच्या बाजूने बघून. उलटी फिरवू नका, या इंजिनात जुन्या टेन्शनरवर चेन दात सोडू शकते. पुढे गेलं तर आणखी दोन फेऱ्या मारून परत या.

व्हॉल्व्ह बंद आहेत यावर विश्वास ठेवू नका, पोर्टमध्ये दोन चमचे क्लीनर ओता आणि पाच मिनिटं बघा. पातळी उतरली तर व्हॉल्व्ह उघडा आहे. टिकली तर व्हॉल्व्ह बुडेल एवढं ओतून तीन-चार तास ठेवा. मग प्लास्टिकची पट्टी आणि नायलॉन ब्रश. निघालेला काळा काला मोठ्या सिरिंजला नळी लावून ओढून घ्या, पुसा, परत ओता. १ लाख किमीला दोन-तीन खेपा लागतात. बाकीची पोर्टं कापडाने बुजवून ठेवा आणि शेवटी कापडं मोजा.

घरातला व्हॅक्यूम क्लीनर ओल्या सॉल्व्हंटवर लावू नका. त्याच्या मोटरच्या ठिणग्या त्याच हवेत उडतात.

अक्रोडाच्या टरफलाचं ब्लास्टिंग यापेक्षा झटपट आणि स्वच्छ होतं, पण त्याला सतत सहा-सात बार देणारा मोठा कंप्रेसर आणि पोर्टला बसणारा अडॅप्टर लागतो. घरगुती लहान टाकी अर्ध्या मिनिटात दम सोडते.

घाटवळण

मॅनिफोल्ड उतरवला. २ आणि ३ हेडमध्ये राहिले, १ आणि ४ सोबत आले. व्हॉल्व्ह बघून धक्का बसला, दांड्याला डांबर थापल्यासारखं. ते भिजत घातलंय. रेझिस्टन्स चौघांचा १.६ ते १.७ ओहम. आता इंजेक्टर बेंचला देताना काय विचारायचं? आणि एक बदलावा की चारही?

रेलप्रेशर

विचारायचा प्रश्न एकच: "मशीनला जीडीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजेक्टर चालवणारा ड्रायव्हर आहे का, आणि किती बारला टेस्ट करता?" अनेक ठिकाणची बेंच पोर्ट इंजेक्टरची असते, तीन-चार बारवाली. त्यावर तुमचा गळका इंजेक्टरही पास होईल. उत्तर ५० बारच्या खाली आलं तर दुसरीकडे जा. आणि त्यांनाही बजावून सांगा की अल्ट्रासोनिक टबमध्ये फक्त टोक बुडवायचं, कपलरची बाजू वर कोरडी. दहा-पंधरा मिनिटं पुरे.

निकालात तीन गोष्टी मागा. बंद स्थितीत दाबाखाली मिनिटभर धरल्यावर एकही थेंब नको. ठरावीक पल्समध्ये चौघांनी सोडलेलं पेट्रोल मिलिलिटरमध्ये, लेखी. आणि फवाऱ्याचा फोटो किंवा व्हिडिओ, एकही धार सरळ पाण्यासारखी जाता कामा नये.

साफ केल्यावर ३ कोरडा राहिला तर सगळे परत बसवा. थेंब पडतच राहिला तर सुईची बैठक गेलीय, ती कुठल्याही टबमध्ये बरी होत नाही. तेव्हा तो एकच बदला, पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून. चारही बदलायचं कारण फक्त एक: उरलेल्या तिघांच्या आकड्यांत पाचेक टक्क्यांपेक्षा जास्त फरक निघाला तर. डिझेल कॉमन रेलसारखं इंजेक्टर कोडिंग या इंजिनात लागत नाही.

घाटवळण

बेंचचा कागद आला. १०० बारला टेस्ट. १, २, ४ साफ केल्यावर एकमेकांच्या दोन टक्क्यांत, थेंब नाही. ३ चा फवारा सुधारला, पण मिनिटाला चार-पाच थेंब. एक नवा मागवलाय, बाकी तिघांना नव्या रिंगा. चालू करताना काय काळजी घ्यायची?

टॉर्करेंच

इंजेक्टर आधी हेडमध्ये हाताने सरळ दाबून बसवा, मग रेलसकट मॅनिफोल्ड वरून आणा. चारही ओ-रिंगा रेलमध्ये शिरल्याचा अंदाज आल्याशिवाय बोल्ट आवळून ओढून घेऊ नका, ओ-रिंग कापली जाते. मॅनिफोल्डचे बोल्ट मधून बाहेर, दोन फेऱ्यांत, ९ न्यूटन-मीटर. गॅस्केट नवी. हाय प्रेशर पाइपचा नट आधी पूर्ण हाताने चढला पाहिजे. आटा वाकडा गेला तर पानाच्या जोराने बसेल, पण गळेल. त्याचा टॉर्क इंजिन कोडच्या मॅन्युअलप्रमाणेच.

तेल आणि फिल्टर पहिल्या स्टार्टच्या आधी बदला. ४.६ लिटर, फोक्सवॅगनच्या ५०२ ०० मंजुरीचं. पेट्रोल मिसळलेल्या तेलावर एकही फेरी नको.

फ्यूज परत लावा, चावी दहा सेकंद ऑन, दहा ऑफ, असं तीन-चार वेळा. टाकीतला पंप तेवढ्यात रेलपर्यंत पेट्रोल आणतो. वरचा दाब मात्र कॅमवरचा पंप फिरल्याशिवाय येत नाही. म्हणून पहिला सेल्फ पाच-सात सेकंद लांबला तर घाबरू नका. दहाच्या वर मारू नका, मिनिटभर थांबून परत. पहिली दोन मिनिटं थोडा पांढरा धूर आणि अडखळ येईल, ते पोर्टमध्ये राहिलेलं क्लीनर जळतंय.

गळती शोधायला जोडाजवळ कोरडा पुठ्ठा धरा, बोट नाही. रिंग नीट बसली नसेल तर इंजेक्टरच्या बुडाशी टिक-टिक असा फुसफुसता आवाज येतो आणि तिथे काजळी दिसते. तसं झालं तर परत काढायचं, आणि पुन्हा नवी रिंग. एखादी जादा मागवून ठेवा.

मग कोड पुसून ट्रिमचं अ‍ॅडॅप्टेशन रीसेट करा, दोन दिवस मिश्र चालवा आणि तीच दहा मिनिटांची प्रेशर चाचणी परत घ्या.

घाटवळण

सगळं बसवलं. पहिला सेल्फ सहा सेकंद, नंतर झटक्यात. तीन थंड स्टार्ट झाले, दिवा नाही, मिसफायर काउंटर चारही शून्य. दहा मिनिटांनी प्रेशर ४७ वरून ५२. ट्रिम आयडलला उणे १. फक्त गार असताना चार नंबरच्या बाजूला बारीक टिक-टिक ऐकू येते, काजळी दिसत नाही. हे इंजेक्टरचं नेहमीचंच की रिंगचं?

रेलप्रेशर

आयडलला आरपीएम वाढवल्यावर टिकटिक त्याच प्रमाणात जलद होत असेल आणि कोरडी खणखणीत असेल तर इंजेक्टरचीच, डायरेक्ट इंजेक्शनवाल्या गाड्या तशाच वाजतात. खात्रीसाठी चार नंबरच्या बुडाशी साबणाचं पाणी सोडा, इंजिन थंड असतानाच. बुडबुडे आले तर रिंग. नाही आले तर बॉनेट लावा.